बैलांनी ओढलेली आगगाडी

बडोदेकर मंडळी, आपल्या गायकवाडी रेल्वेबद्दल मुलांना काही सांगावं म्हटलं तर त्यांना फक्त केवडियाची गाडी ठाऊक असते. म्हणून थोडं लिहितो.

१८६२ साली, खंडेराव महाराजांच्या राज्यात, डभोई ते मियागाम अशी सुमारे ३२ किलोमीटरची लाइन पडली. रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. भारतातली ही पहिली नॅरो गेज. मियागाम मुंबईच्या मोठ्या लाइनवर, आणि डभोईचा कानम मुलूख कापसाचा. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने आपल्याकडच्या कापसाला भाव आला होता. पण रूळ इतके हलके की इंजिनाचा भार सोसेना. मग डब्यांना जुंपले बैल! १८७३ मध्ये जड रूळ टाकून लाइन पुन्हा सुरू झाली. पुढे १८७९ मध्ये चांदोद आणि १८८० मध्ये बडोद्याचं गोयागेट जोडलं गेलं. डभोई हे छोट्या गाड्यांचं मोठं जंक्शन झालं. १९४९ मध्ये संस्थानासोबत रेल्वेही सरकारात गेली.

कापसासाठी निघालेली ही गाडी पुढे माणसांची झाली. चांदोदला नर्मदेचा संगम, त्यामुळे आपल्या बऱ्याच घरांतल्या अस्थी तिथेच विसर्जित झाल्या असतील. वडील गेल्यानंतर आई दरवर्षी त्यांच्या तिथीला चांदोदला जायची. दांडिया बाजारातून रिक्षाने प्रतापनगर, डभोईला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत. स्नान, ब्राह्मणाला शिधा आणि संध्याकाळी घरी. तिकीट परवडायचं, आणि मुख्य म्हणजे "मला घेऊन चल" असं कुणाला म्हणावं लागत नसे.

ब्रॉड गेजचं काम निघालं आणि ती लाइन काही वर्षं बंद राहिली. तेव्हा आमच्या घरात गाडी होती, पण मला सुट्टी हवी, मुलाची परीक्षा नको. आई म्हणायची, "राहू दे रे, घरूनच तर्पण करते." तिचं जाणं तिच्या हातातून सुटलं, ते तिला फार लागलं. १७ जानेवारी २०२१ ला चांदोदमार्गे केवडियापर्यंत नवी लाइन सुरू झाली, तोवर आईचे गुडघे गेले होते.

लॉस एंजेलिसला मुलीकडे गेलो तेव्हा हेच पुन्हा आठवलं. तिथे लाँग बीचपर्यंत विजेची गाडी धावायची. मोटारी वाढल्या, लोक पांगले, आणि १९६१ मध्ये ती बंद झाली. १९९० मध्ये बऱ्याच अंशी त्याच मार्गावर नवी रेल्वे टाकावी लागली. मधली २९ वर्षं ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्यांच्यातही कितीतरी आया असतील.

आज आपल्या शहरात उड्डाणपूल होतायत, चांगलं आहे. पण सोसायटीच्या बैठकीत नगरसेवक आले, की एवढं जरूर विचारा: घरातल्या सत्तरीच्या बाईला एकटीला प्रतापनगर स्टेशन गाठायला बस किती वाजता आहे, आणि परतीची किती वाजता?

तुमच्या घरी छोट्या गाडीची तिकिटं, पास, फोटो असतील तर खाली टाका.