गोदीतल्या वर्गणीची स्कॉलरशिप

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हॅरी ब्रिजेसच्या नावाचं एक केंद्र आहे. कामगारांवर अभ्यास करणाऱ्या पोरांना ते स्कॉलरशिप देतं.

हा हॅरी मूळचा मेलबर्नचा, सॅन फ्रान्सिस्कोत गोदी कामगार झाला. तिथे रोज सकाळी मुकादम बोट दाखवेल त्यालाच काम! 1934 चा संप 83 दिवस चालला, माणसं मेली, तेव्हा कुठे ती पद्धत मोडली. पुढे नियम आला: ज्याचे तास कमी, त्याचा नंबर आधी. मला इंजिनिअर म्हणून हे भारी वाटतं. साधा क्यू, पण चालवणारा माणूस कामगारांनी निवडलेला. (आपल्या डिलिव्हरी ॲपचा क्यू कोण चालवतं?)

हॅरी 1977 मध्ये निवृत्त झाला, 1990 मध्ये गेला. दोन वर्षांनी हजारावर लोकांनी वर्गणी काढून त्याच्या नावाचं अध्यासन उभं केलं. त्यात निवृत्त गोदी कामगारही होते.