मॅकडॉवेल काउंटीतील बेरोजगारी

मॅकडॉवेल ही अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाची, ॲपलाचियन डोंगरांतली कोळशाची काउंटी. क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौ. किमी., म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. मुख्य ठाणे वेल्च. १९५० च्या जनगणनेत येथे ९८,८८७ लोक होते, २०२० मध्ये १९,१११ उरले. येथील बेरोजगारीचा कोणताही आकडा या घटीशेजारी ठेवूनच वाचला पाहिजे. काम गेलेला माणूस गाव सोडून गेला, की तो तिथल्या बेरोजगारांच्या यादीतूनही वजा होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या दऱ्यांत शिरली आणि पोकाहोंटास पट्ट्यातला कोळसा पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागला. दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर आले, इटली, हंगेरी, पोलंडमधून स्थलांतरित आले. खोली खाण कंपनीची, दुकानही कंपनीचे. नोकरी गेली की खोली रिकामी करावी लागे. त्यामुळे बेकार माणसाला वस्तीत फार दिवस राहताच येत नसे.

मोठी घसरण सुरू झाली तेव्हा जमिनीखाली कोळसा भरपूर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आगगाड्या डिझेलवर गेल्या, घरे तेल आणि वायूवर तापू लागली. त्याच सुमारास सुरुंगाविना थर कापत जाणारी यंत्रे खाणीत उतरली. जॉन एल. लुइस यांच्या खाणकामगार संघटनेने १९५० च्या करारात यंत्रांना अडवले नाही. त्या बदल्यात चांगली मजुरी आणि दर टनामागे कल्याणनिधीत रक्कम मिळवली. काम टिकलेल्यांसाठी हा सौदा चांगला होता. ज्यांचे गेले, त्यांची त्यात काहीच सोय नव्हती. ते डेट्रॉइट, क्लीव्हलँडच्या कारखान्यांकडे निघाले आणि १९६० मध्ये लोकसंख्या ७१,३५९ वर आली.

मागे राहिलेल्यांचे हाल जॉन केनेडी यांनी १९६० च्या प्राथमिक निवडणुकीच्या प्रचारात या राज्यात पाहिले. त्यांच्या सरकारने अन्नकुपनांचा प्रयोग सुरू केला. २९ मे १९६१ रोजी पहिली कुपने मिळाली ती याच काउंटीतल्या एका बेकार खाणकामगाराच्या कुटुंबाला: ९५ डॉलरची, घरातली तोंडे १५. आज देशभर चालणाऱ्या अन्नसाहाय्य योजनेची मुळे या प्रयोगात आहेत.

१९७० च्या दशकात तेल महागले, कोळशाला पुन्हा मागणी आली आणि लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास थांबली. हा विसावा अल्पकाळचा ठरला. अमेरिकी पोलाद उद्योग कोसळला. १९८३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील बेरोजगारीचा दर देशात सर्वाधिक होता. १९८६ मध्ये यू. एस. स्टीलने गॅरी गावच्या खाणी बंद केल्या. १९८० चे ४९,८९९ लोक १९९० मध्ये ३५,२३३ झाले.

यानंतरच्या दरांबाबत विशेष सावध राहावे लागते. अमेरिकी व्याख्येनुसार, साधारणपणे गेल्या चार आठवड्यांत ज्याने काम शोधले तोच बेरोजगार. शोधून थकलेला, कोळशाच्या धुळीने होणाऱ्या काळ्या फुप्फुसाच्या आजाराने किंवा पाठीच्या दुखापतीने घरी बसलेला माणूस या दरात धरलाच जात नाही. म्हणून येथे खरा निर्देशांक श्रमबलातील सहभाग हा मानावा. देशात सोळा वर्षांवरील साठ टक्क्यांहून अधिक लोक काम करतात किंवा शोधतात. मॅकडॉवेलमध्ये हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश. दर उतरला म्हणजे कामे वाढली, असे येथे गृहीत धरणे हा त्या घरी बसलेल्या माणसांवर अन्याय आहे.

पोलादासाठीच्या कोळशाचा भाव चढला की खाणींत भरती होते, पण यंत्रांमुळे माणसे थोडीच लागतात. २०१० मध्ये वेल्चजवळ संघीय तुरुंग सुरू झाला. हॅटफील्ड-मॅकॉय डोंगरवाटांवर वाहने फिरवायला येणाऱ्यांमुळे काही खानावळी आणि मुक्कामाची घरे चालतात. किंबॉल गावचे वॉलमार्ट दुकान जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. सुमारे १४० जणांची नोकरी गेली, आणि ताजी भाजी घ्यायलाही अनेकांना डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यांनी दूर जाणे भाग पडले.