तीन ध्वज आणि एक मल्ल

कुस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल मातीचा हौदा, हलगीचा कडकडाट आणि आकाशाकडे तोंड करून चीत झालेला गडी उभा राहतो. कोण हरला हे कळण्यास तेथे पंचाला विचारावे लागत नाही. ज्या मल्लाची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत, त्याचा सर्वांत गाजलेला पराभव मात्र निराळ्या जातीचा आहे. त्यात कोणी उचलला गेला नाही, कोणाची पाठ गादीला लागली नाही. एक मिठी क्षणभर सैल झाली, एवढेच. हा मल्ल म्हणजे सायबेरियातील नोवोसिबिर्स्क शहरी 19 सप्टेंबर 1967 रोजी जन्मलेला अलेक्सांद्र कारेलिन.

त्याचा प्रकार ग्रीको-रोमन. नाव ऐकून फसू नये. ह्या कुस्तीचे आजचे रूप एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये घडले आहे. तिची मुख्य अट एवढीच, की कमरेखाली हात लावावयाचा नाही आणि डावात पायांचा उपयोग करावयाचा नाही. आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले ते फ्रीस्टाइलमध्ये. तेथे पाय धरता येतात. येथे पट काढणे नाही आणि टांगही नाही. उरते ती छाती, कंबर आणि मिठी.

तेराव्या वर्षी कारेलिन व्हिक्टर कुझनेत्सोव्ह यांच्या हाताखाली आला आणि अखेरपर्यंत त्यांचाच राहिला. वस्ताद न बदलणारा शिष्य कोणत्याही देशात दुर्मीळच! पंधराव्या वर्षी पाय मोडला, तेव्हा आईने त्याचे कुस्तीचे कपडे जाळून टाकले असे सांगतात. त्याने भला मोठा फ्रिज एकट्याने आठ मजले चढविला, अशीही एक कथा आहे. थोर मल्लांभोवती अशा कथा जमतातच. आम्हांस मात्र 1987 सालचा त्याचा पराभव अधिक बोलका वाटतो. सोव्हिएत संघाच्या अजिंक्यपद स्पर्धेत जगज्जेत्या इगोर रोस्तोरोत्स्कीने त्याला हरविले. पुढच्याच वर्षी त्याच रोस्तोरोत्स्कीला हरवून त्याने सोल ऑलिंपिकचे तिकीट मिळविले.

सोलच्या अंतिम कुस्तीत बल्गेरियाचा रांगेल गेरोव्स्की पुढे होता आणि वेळ संपत आली होती. शेवटच्या काही सेकंदांत कारेलिनने आपला तो डाव टाकला. हा डाव नीट समजून घेतला पाहिजे. भारी वजनाचा मल्ल खाली सापडला की पालथा पडून गादीला चिकटून राहतो. सव्वाशे किलोंचे धूड कोण उचलणार, हा त्याचा भरवसा. कारेलिन उलट्या बाजूने कमरेला मिठी घाली, त्याला जमिनीपासून सोडवून वर घेई आणि स्वतः मागे कमान करून डोक्यावरून फेकून देई. हलक्या वजनात हे पूर्वीही होत असे. 130 किलोंच्या गटात ते नेमाने करून दाखविणारा हाच. परिणाम असा झाला, की फेकले जाण्यापेक्षा आपण होऊनच पाठ टेकणारे मल्ल दिसू लागले! आमच्या मते कारेलिनच्या विजयांत बळाइतकाच ह्या धास्तीचाही वाटा होता.

यापुढील विजयांची यादी लांब आहे. 1989 ते 1999 या काळात नऊ जागतिक अजिंक्यपदे, शिवाय बारा युरोपीय. ती आम्ही येथे वाचून दाखवीत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला पदकांपेक्षा ध्वज पाहावेसे वाटतात. सोल येथे 1988 साली उद्घाटनाच्या संचलनात त्याच्या हाती सोव्हिएत संघाचा लाल ध्वज होता. 1992 साली बार्सिलोनास तो देशच उरला नव्हता. त्यातून फुटलेल्या बहुतेक गणराज्यांचा संयुक्त संघ ऑलिंपिकच्या पांढऱ्या ध्वजाखाली चालला, आणि तो ध्वज कारेलिननेच धरला. 1996 साली अटलांटास त्याच्या हाती रशियाचा तिरंगी ध्वज आला. आठ वर्षांत एक साम्राज्य मोडले, राष्ट्रगीत बदलले. 130 किलोंच्या गटातील सुवर्णपदक मात्र त्याच गळ्यात पडत राहिले. अटलांटापूर्वी काही महिने त्याच्या छातीचा स्नायू फाटून शस्त्रक्रिया झाली होती. अंतिम कुस्तीत मॅट गफारीवर त्याने केवळ एका गुणाने मात केली. तेव्हाच काही जाणकारांच्या मनात शंका यावयास हवी होती.

सिडनीत 27 सप्टेंबर 2000 रोजी समोर होता अमेरिकेच्या वायोमिंगमधील गवळ्याघरचा मुलगा रूलन गार्डनर. 1997 साली कारेलिनने त्याला फेकून 5–0 असे हरविले होते. गार्डनरने काय केले? विशेष काही नाही. तो उचलला गेला नाही! पहिला डाव कोरा गेला. त्या काळच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या डावाच्या आरंभी दोघांना एकमेकांस मिठी घालून उभे करण्यात आले. ज्याचे हात आधी सुटतील त्याच्याविरुद्ध गुण. कारेलिनचे हात सुटले. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि गुण दिला. जादा वेळ झाला, तरी तो डाव काही लागेना. घड्याळात काही सेकंद उरले असता कारेलिन थांबला आणि त्याने हात खाली सोडले. तेरा वर्षांतला तो त्याचा पहिला पराभव.

नियमाने त्याला फसविले, असे म्हणणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. ज्याचे सारे सामर्थ्य मिठीत, त्याची परीक्षा मिठीवर घेणे यात अन्याय कोणता? पुढे क्यूबाच्या मिखाइन लोपेझने 2024 पर्यंत पाच सुवर्णपदके मिळवून त्याला पदकांत मागे टाकले. कारेलिन सिडनीनंतर पुन्हा स्पर्धेत उतरला नाही. त्या संध्याकाळी तो पदकमंचाच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहिला. अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजत होते, आणि वरच्या पायरीवर तीन वर्षांपूर्वी त्यानेच फेकलेला गडी उभा होता.