सायकलीवरून इंग्लंडचीं बाजारगांवें

श्रोतेहो, इंग्लंडचा इतिहास आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत वाचलेला आहे. पण राजांचीं नांवें, लढायांच्या तारखा आणि पार्लमेंटचे कायदे, एवढेंच बहुधा आपल्या वांट्यास आलें. मीं स्वतः अनेक वर्षें तो याच पद्धतीनें शिकविला, आणि त्याची रुखरुख आज मनांत आहे. कारण तो इतिहास जितका लंडनच्या राजवाड्यांत घडला, तितकाच लहान लहान बाजारगांवांतही घडला. हीं गांवें समजून घ्यावयाचीं तर आगगाडी फारशी उपयोगाची नाहीं, आणि मोटार तर नाहींच नाहीं. त्यांना शोभणारें वाहन म्हणजे सायकल. असें कां, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम हीं गांवें कशीं वसलीं तें पाहूं. मध्ययुगांत बाजार भरविण्यास राजाची सनद लागे. सनद मिळाली कीं ठरलेल्या वारीं बाजार भरे, आणि जागेचें भाडें व जकात गांवच्या धन्याच्या पदरांत पडे. अर्थात् शेजारीं दुसरा बाजार उभा राहिला कीं तंटा हा ठरलेलाच. तेराव्या शतकांतील इंग्लिश कायद्याचा जो थोर ग्रंथ ब्रॅक्टन या न्यायाधीशाच्या नांवानें ओळखला जातो, त्यांत या तंट्याचा निकाल मोठ्या मौजेच्या रीतीनें दिला आहे. माणसाची दिवसाची चाल वीस मैलांची धरावी आणि तिचे तीन भाग करावे. एक भाग बाजारास जाण्याचा, दुसरा खरेदी-विक्रीचा आणि तिसरा दिवसाउजेडीं घरीं परतण्याचा. यावरून दोन बाजारांत निदान सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांचें अंतर असावें. त्याहून जवळ भरलेला नवा बाजार हा जुन्यास उपद्रव समजावा. म्हणजे काखेंत कोंबडी आणि हातांत लोण्याची टोपली घेऊन चालणाऱ्या शेतकरणीच्या पावलांनीं इंग्लंडचा नकाशा मोजला गेला!

पुढें टपालाच्या घोडागाड्या आल्या, आणि या गांवांतील सराया प्रवाशांनीं व घोड्यांनीं गजबजून गेल्या. परंतु १८३० नंतर लोहमार्ग पसरूं लागले, आणि पंचवीस वर्षांच्या आंत ही वर्दळ बहुतेक नाहींशी झाली. ज्या गांवास स्टेशन मिळालें तें कसेंबसें सांवरलें. ज्यास मिळालें नाहीं तें झोपीं गेलें. तबेले रिकामे पडले आणि हमरस्त्यांवर गवत माजलें. मात्र या दारिद्र्यानें एक उपकार केला. जुनीं घरें पाडून नवीं बांधण्यास गांवकऱ्यांपाशीं पैसाच नव्हता. म्हणून तीं घरें आज शिल्लक आहेत.

या निजलेल्या रस्त्यांवर पहिली घंटी वाजली ती सायकलीची. १८७८ सालीं हॅरोगेट येथें सायकलीवरून प्रवास करणाऱ्यांचा एक संघ स्थापन झाला. त्या काळची सायकल म्हणजे पुढें माणसाच्या छातीइतकें उंच चाक आणि मागें एक चिमुकलें. धनिकांच्या धाडसी मुलांचेंच तें काम. पुढें १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यानें दोन सारख्या चाकांची, साखळीनें चालणारी 'रोव्हर' सायकल बाजारांत आणली, आणि १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलप या पशुवैद्यानें हवेची धांव काढली. आतां दुकानांतील नोकर, कचेरींतील कारकून, शिक्षिका, गिरणींतील विणकर यांनाही सायकल चालवितां येऊं लागली, आणि किंमती उतरतांच ती विकतही घेतां येऊं लागली. वर सांगितलेल्या संघाचे सभासद १८९९ सालीं साठ हजारांवर गेले. त्यानें घाटाच्या उतारांवर धोक्याच्या पाट्या लावल्या आणि खड्ड्यांनीं भरलेले रस्ते दुरुस्त व्हावे म्हणून चळवळ केली. वाजवी दरानें उतरून घेणाऱ्या सरायांवर तो पंख असलेल्या चाकाची खूण लावी. जुन्या सरायांच्या चुली पुन्हां पेटल्या त्या अशा.

हा केवळ करमणुकीचा प्रकार होता असें कोणी समजूं नये. आठवड्याचे सहा दिवस गिरणींत किंवा दुकानांत घालविणाऱ्या माणसास आपला देश पाहण्याचा हक्क या दोन चाकांनीं मिळवून दिला. प्रसिद्ध ग्रंथकार एच्. जी. वेल्स यांनीं १८९६ सालच्या आपल्या एका कादंबरीचा नायक म्हणून सायकलीवरून सुटीस निघालेला कापडदुकानांतील नोकर निवडला; ते स्वतः तरुणपणीं तसल्याच दुकानांत उमेदवार होते. १८९४ सालीं बर्मिंगहॅमच्या कांहीं समाजवादी तरुणांनीं 'क्लॅरियन' पत्राच्या नांवानें सायकलमंडळ काढलें, आणि पुढें या मंडळाचे लोक रविवारीं गांवोगांव पत्रकें वांटीत व चव्हाट्यावर व्याख्यानें देत हिंडूं लागले. स्त्रियांना तर यासाठीं झगडावें लागलें. लांब झगा घालून सायकल चालविणें कठीण, म्हणून कांहीं बायका सैल विजारी वापरूं लागल्या. १८९८ सालीं लेडी हार्बर्टन या बाई असा वेष करून सरे परगण्यांतील ऑखम येथील एका सराईंत जेवणास गेल्या, तेव्हां त्यांना मुख्य दालनांत बसूं न देतां दारूच्या गुत्त्याजवळच्या खोलींत जाण्यास सांगण्यांत आलें. सायकलसंघानें त्यांच्या वतीनें फिर्याद लढविली. पुढील वर्षीं निकाल विरुद्ध गेला खरा. पण कायद्याने न जिंकलेली ही लढाई रस्त्यानें जिंकली. थोड्याच वर्षांत विजारींतील सायकलस्वार स्त्रीकडे कोणी वळूनही पाहीनासें झालें.

आतां एका दिवसाची वाट प्रत्यक्ष पाहूं. कॉट्सवोल्डच्या टेंकड्यांवरील चिपिंग कॅम्डन येथून निघून ऑक्सफर्डपर्यंतचें अंतर सुमारें चाळीस मैल. पायीं चालणारास दोन दिवस लागतील. सायकलस्वार सकाळीं निघून वाटेंत यथास्थित पाहणी करूनही सायंकाळीं पोंचतो.

'चिपिंग' या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थच बाजार. मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडांचीं घरें रस्त्याच्या दोहों बाजूंस उभीं आहेत. त्यांतलेंच एक विल्यम ग्रेव्हेल या लोकरीच्या व्यापाऱ्याचें. तो १४०१ सालीं वारला. या टेंकड्यांवरील मेंढ्यांची लोकर फ्लँडर्स व इटलीपर्यंत जाई. लॉर्डांच्या सभेच्या अध्यक्षाचें आसन आजही लोकरीच्या गोणीचेंच असतें, तें या संपत्तीचें स्मारक. रस्त्याच्या मध्यें १६२७ सालीं बाप्टिस्ट हिक्स या सावकारानें बांधलेला मंडप आहे. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांना पावसापासून आसरा मिळावा हा त्याचा हेतु. ज्यानें राजाला कर्ज दिलें, त्यास लोणी विकणारीचीही आठवण राहिली! सायकल कमानीस टेंकून या मंडपांत उभें राहावें आणि पायाखालची झिजलेली, उंचसखल फरशी पाहावी. हिच्यावर किती पिढ्यांचा बाजार झाला हें सांगण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज पडत नाहीं.

तेथून दहा मैलांवर स्टो-ऑन-द-वोल्ड. हें गांव सुमारें आठशें फूट उंचीवर आहे, आणि शेवटच्या चढावर पुष्कळदां उतरून सायकल ढकलावी लागते. पण हा घाम व्यर्थ जात नाहीं. अनेक रस्ते या माथ्यावर येऊन मिळतात, आणि बाजार येथेंच कां भरला याचा उलगडा नकाशापेक्षां आपल्या पोटऱ्यांनाच आधीं होतो. येथील जत्रेंत एका वेळीं वीस हजार मेंढ्या विकल्या गेल्याचें डॅनियल डीफो यानें नमूद केलें आहे. याच गांवाजवळ २१ मार्च १६४६ रोजीं चार्ल्स राजाची शेवटची फौज शरण आली आणि पहिलें यादवी युद्ध जवळजवळ संपलें.

आणखी दहा मैलांवर बर्फर्ड. येथील मोठा रस्ता उतरत उतरत विंडरश नदीच्या जुन्या दगडी पुलापाशीं जातो. या गांवास लोहमार्ग कधींच लाभला नाहीं. नदीकांठीं लोकरीच्या पैशावर वाढलेलें भव्य चर्च आहे, आणि त्यांत शिसें मढविलेलें बाप्तिस्म्याचें दगडी पात्र आहे. त्यापाशीं मात्र थांबलेंच पाहिजे.

१६४९ सालच्या जानेवारींत राजाचा शिरच्छेद झाला. त्यानंतर पार्लमेंटच्याच सैन्यांतील कांहीं शिपाई विचारूं लागले कीं, आम्हीं रक्त सांडलें तें कशासाठीं? त्यांचा पगार थकला होता. आयर्लंडवर चालून जाण्यास ते तयार नव्हते, आणि सामान्य माणसासही राज्यकारभारांत वांटा असावा असें म्हणणाऱ्या 'लेव्हलर' पंथाचें त्यांच्यांत वजन होतें. मे महिन्यांत हे बंडखोर बर्फर्डला मुक्कामास असतां क्रॉमवेलनें रात्रीं छापा घातला आणि सुमारें तीनशें चाळीस जणांना या चर्चमध्यें कोंडलें. १७ मे रोजीं तिघांना चर्चच्या भिंतीपाशीं गोळ्या घालण्यांत आल्या. मरण कोणाच्या वांट्यास येणार हें ठाऊक नसतां अँथनी सेडली नांवाच्या एका कैद्यानें त्या पात्राच्या शिशावर आपलें नांव, साल आणि आपण कैदी आहों एवढेंच कोरून ठेविलें. तीं अक्षरें आजही वाचतां येतात. १९७५ पासून दर मे महिन्यांत त्या शिपायांच्या स्मरणार्थ येथें लोक जमत आले आहेत.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न सायकलस्वारांपुढेंही पुन्हां उभा राहिला. १९३४ या एका वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें अपघातांत मेलीं. त्याच सालीं सायकलींसाठीं स्वतंत्र पट्टा लंडनजवळ उघडण्यांत आला, तेव्हां संघानें त्यास विरोध केला. आज पट्टा दिला तर उद्यां रस्त्यावरून हांकलतील, ही त्याची भीति. पुढें ज्या आगगाडीनें बाजारगांवें उजाड केलीं, तिचेच कांहीं मार्ग बंद पडले, आणि ब्रिस्टल ते बाथ असा एक जुना लोहमार्ग १९७९ ते १९८६ या काळांत पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठीं वाट म्हणून तयार झाला. काळाचा हा न्याय विलक्षण खरा!

बर्फर्डहून ऑक्सफर्ड आणखी वीस मैल, म्हणजे ब्रॅक्टनच्या हिशेबानें माणसाची नेमकी एक दिवसाची चाल. मोटारींतील प्रवासी तें अंतर अर्ध्या-पाऊण तासांत कापतो, आणि चर्चच्या काळोख्या कोपऱ्यांतील सेडलीचें नांव बहुधा त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. तें वाचण्यास वेगानें येऊन चालत नाहीं. श्रोतेहो, ज्या गतीनें लोकांनीं इतिहास घडविला, त्या गतीच्या जवळपास आपण गेलों तरच तो आपल्याशीं बोलतो, एवढेंच मला आज सांगावयाचें होतें.