हिवाळ्याची बेगमी

भिलाईत डिसेंबरची थंडी एका स्वेटरवर भागते. पण इथल्या पोलादाचा काही भाग जिथे जातो, तिथे हिवाळा म्हणजे बंद रस्ता. लडाखमध्ये नोकरी केलेल्या प्रत्येक फौजीला एकच प्रश्न पाठ असतो: झोजीला बंद व्हायला किती दिवस उरले?

1948 मध्ये या प्रश्नावर लेहचे भवितव्य अवलंबून होते. त्या हिवाळ्यात मेजर पृथी चंद मूठभर स्वयंसेवकांसह बर्फातून खिंड ओलांडून लेहला पोहोचले. 24 मे रोजी मेहर सिंग यांनी तिथल्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवले. तरीही केवळ विमानांवर फौज पोसता येत नाही आणि झोजीला शत्रूने अडवली होती. सप्टेंबरमधला हल्ला फसला. बर्फाने वाट बुजली असती, तर पुढची संधी थेट उन्हाळ्यात. म्हणून जनरल थिमय्यांनी रणगाडे वर नेण्याचे ठरवले. मद्रास सॅपर्सनी खेचरवाट रुंद केली आणि 1 नोव्हेंबर रोजी 7 कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे 11,500 फुटांवर शत्रूसमोर उभे ठाकले. त्याच महिन्यात कारगिल मोकळे झाले आणि लेहची वाट उघडली.

लढाई संपली, बेगमी मात्र दरवर्षीची झाली. कोकणात पावसाआधी घरोघरी आगोटीची तयारी होते, तशीच ही; फक्त घर अख्ख्या फौजेचे. धान्य, रॉकेल, औषधे, दारूगोळा, सगळे उन्हाळ्यातच वर चढवायचे. उशिरा निघालेला ट्रक नुसता उशिरा पोहोचत नाही. तो घाटात अडकला, तर मागचा सगळा ताफा अडतो. वर थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठते, फिल्टर तुंबतो आणि धडधाकट इंजिनही बंद पडते. उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने लडाखसाठी आणले ते 2019 मध्ये.

त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. ऑक्टोबर 2020 मध्ये 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि मनालीच्या बाजूने रोहतांगचा बर्फाळ घाट टळला. सीमा रस्ते संघटनेने झोजीला 2025 मध्ये अवघ्या 32 दिवसांत पुन्हा उघडली. पूर्वी ती पाच-सहा महिने बंद असे. त्याच वर्षी जूनमध्ये चिनाब पुलावरून रेल्वे सुरू झाली. त्या पुलाला सेलने सुमारे 16,000 टन पोलाद पुरवले, त्यात भिलाईचा वाटा मोठा. 9 ऑगस्ट रोजी रूपनगरहून सिमेंटचे 21 डबे घेऊन पहिली मालगाडी अनंतनागला पोहोचली. खोऱ्यात जाणारा माल पूर्वी जम्मू-उधमपूरला उतरवून ट्रकांवर चढवावा लागे आणि मग बनिहालच्या लहरीवर सोडावा लागे.

तरीही रेल्वे खोऱ्यातच थांबते. पुढे झोजीला आहेच आणि तिच्याखालचा बोगदा अजून पुरा व्हायचा आहे. खिंड सहा महिन्यांऐवजी 32 दिवस बंद राहिली, म्हणून चौकीवरच्या जवानाची भूक थांबत नाही. त्या 32 दिवसांचे पीठ आणि रॉकेल आधीच वर पोहोचलेले असावे लागते.