ऑटोट्रॅक : पिकअपचे स्वयंचलित फोर-व्हील ड्राइव्ह

ऑटोट्रॅक : पिकअपची मागची चाके घसरू लागताच इंजिनाचा जोर आपोआप पुढच्या चाकांकडेही वळवणारी जनरल मोटर्सची यंत्रणा. १९९८च्या मॉडेलवर्षापासून ती कंपनीच्या काही गाड्यांत मिळू लागली. जिच्यात फोर-व्हील ड्राइव्ह दांड्याने जोडावे लागते अशा पिकअपमध्ये ती मागाहून बसवणे हे अमेरिका व कॅनडातील गॅरेजांच्या परिचयाचे काम आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः १९९९च्या मॉडेलवर्षापासून आलेल्या शेव्हरोले सिल्व्हराडो व जीएमसी सिएरा यांच्या पिढीतील (जीएमटी ८००) या बदलाची माहिती दिली आहे.

गरज : वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठा फेरा घेतात, म्हणून त्यांचा वेग वेगळा असावा लागतो. साध्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढे व मागे वाटणारी पेटी) पुढचा व मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते आणि हा फरक पडायला जागा राहत नाही. चिखल, वाळू किंवा सलग बर्फ असेल तर चाके थोडी घसरून तो ताण सोडवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होते, टायर घासतात आणि ट्रान्सफर केसमधील साखळी व गिअर यांवर भार येतो. उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात रस्ता क्वचितच एकसारखा असतो. मीठ टाकून मोकळा केलेला भाग, लगेच पुढे सावलीतला गोठलेला पूल आणि त्यापुढे पुन्हा कोरडे डांबर अशा रस्त्यावर दांडा पुढे-मागे करीत राहणे शक्य नसते. ऑटोट्रॅकचा खरा उपयोग अशा ठिकाणी होतो.

रचना व कार्य : या पिकअपांत बसणाऱ्या ऑटोट्रॅकचा गाभा म्हणजे एनव्ही २४६ ही ट्रान्सफर केस. ती न्यू व्हेंचर गिअर या कंपनीने बनवली. जनरल मोटर्स व क्रायस्लर यांनी १९९०मध्ये ही कंपनी भागीदारीत स्थापन केली होती. पुढच्या शाफ्टकडे जाणारा जोर या केसमध्ये अनेक चकत्यांच्या क्लचमधून जातो. पुढच्या व मागच्या शाफ्टचे वेग सेन्सर मोजतात आणि नियंत्रण मॉड्यूल त्यांची सतत तुलना करते. मागचा शाफ्ट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरू लागला, म्हणजे मागची चाके घसरू लागली, की मॉड्यूल एन्कोडर मोटर फिरवते. क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि जोर पुढे जातो. पकड परत आली की दाब कमी होतो. वळणावरचा वेगातला थोडा फरक चकत्या सरकून सामावून घेतात, त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही ऑटो स्थिती चालू ठेवता येते.

डॅशबोर्डवर टू-हाय, ऑटो, फोर-हाय आणि फोर-लो अशी चार बटणे असतात. फोर-लोमध्ये २.७२ : १ असे गुणोत्तर मिळते. ऑटो स्थितीत पुढचा ॲक्सल जोडलेला राहतो आणि त्याचे भाग फिरत असतात, म्हणून इंधन थोडे अधिक लागते. उन्हाळ्यात टू-हायवरच गाडी चालवणे योग्य.

बदलाची पद्धत : आपल्या गाडीत काय आहे हे आधी पाहावे. ग्लोव्ह बॉक्समधील लेबलावर कारखान्याचे तीन अक्षरी संकेत छापलेले असतात. त्यांपैकी एनपी२ म्हणजे दांड्याची, एनपी१ म्हणजे साध्या बटणांची आणि एनपी८ म्हणजे ऑटोट्रॅकची ट्रान्सफर केस. दांड्याच्या गाडीत सहसा एनव्ही २६१ असते.

नुसती केस बदलून काम होत नाही. तिच्यासोबत एन्कोडर मोटर, नियंत्रण मॉड्यूल, चार बटणांचा स्विच आणि वायरिंग हार्नेस हे सारे लागते. हे भाग एकाच दात्या गाडीतून आणि शक्यतो त्याच मॉडेलवर्षाचे घेणे शहाणपणाचे, कारण पुढील वर्षांत मॉड्यूल व जोडण्या बदलत गेल्या. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील खाचाही जुळल्या पाहिजेत. ४एल६०-ई गिअरबॉक्सला २७ खाचांची केस लागते आणि ४एल८०-ईला ३२ खाचांची.

टू-व्हील पिकअपला ऑटोट्रॅक बसवणे हे अगदी वेगळे काम आहे. अर्ध्या टनाच्या टू-व्हील गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग असतात, फोर-व्हीलला टॉर्शन बार. पुढचा ॲक्सल व त्याचे आधार तर मुळातच नसतात. त्या खर्चात ऑटोट्रॅक असलेली जुनी गाडी घेणे परवडते. १९९८च्या आधीच्या पिढीत पुढचा ॲक्सल जोडणारा ॲक्च्युएटर तापून पसरणाऱ्या प्रकारचा असे व तो जोडणी करायला वेळ घेई. अशा गाडीत आधी विजेच्या मोटरचा ॲक्च्युएटर बसवतात.

देखभाल : एनव्ही २६१मध्ये डेक्स्रॉन ३ हे लाल तेल चालते, पण एनव्ही २४६ला निळे ऑटो-ट्रॅक २ हेच तेल लागते. ते क्लचच्या चकत्यांसाठी बनवलेले असून साधारण दोन लिटर पुरते. जुन्या सवयीने लाल तेल भरले तर चकत्यांचे काम बिघडते. टायर चारही एकाच मापाचे व सारख्या झिजेचे हवेत. पुढे नवे व मागे झिजलेले टायर घातले तर त्यांच्या घेरातला फरक मॉड्यूलला घसरण वाटू शकतो, आणि क्लच विनाकारण काम करीत राहतो. डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलायचे असेल तर पुढचे व मागचे दोन्ही एकदम बदलावे.

या केसचा एक नेहमीचा दोष जुनी केस विकत घेणाऱ्याने ओळखलाच पाहिजे. आतील तेलपंपाला जागेवर धरणारी पट्टी मॅग्नेशियमच्या मागच्या कवचावर घासत राहते आणि कालांतराने त्याला बारीक भोक पाडते. भोक वरच्या बाजूस पडते, त्यामुळे गाडी उभी असताना थेंबही गळत नाही. चालू गाडीत मात्र तेल बाहेर उडते, पातळी हळूहळू खाली जाते आणि केस कोरडी पडून जळते. म्हणून केस बसवण्यापूर्वीच उघडावी, कवच तपासावे आणि पंपाची झीज थांबवणारा सुधारित संच घालावा. केस गाडीखाली गेल्यावर हेच काम दुप्पट मेहनतीचे होते.

भारतातील स्थिती : इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या पिकअपांच्या फोर-व्हील प्रकारांत चालकाने नॉब फिरवून निवडायची साधी यंत्रणा आहे. मात्र गाडीत वर सांगितल्यासारखे बदल करण्यावर भारतात कायद्याचे बंधन आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मधील निकालात हेच बजावले. त्यामुळे असा कोणताही बदल हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

मूल्यमापन : ऑटोट्रॅकमुळे गाडीची ओढण्याची ताकद वाढत नाही. सलग चिखलात किंवा शेतात चालणाऱ्या पिकअपला दांड्याची साधी केस अधिक टिकाऊ व स्वस्त पडते. ज्याला बर्फ व कोरडा रस्ता यांच्या सरमिसळीत रोज गाडी चालवावी लागते, त्याच्यासाठी मात्र हा बदल खर्चाचे पुरेपूर मोल देतो. अट एवढीच की केस, मॉड्यूल, तेल व टायर हे चारही एकमेकांशी जुळलेले असावेत.