जुन्या लांकडावरचा नवा हात



आजचा विषय वरवर पाहतां सुताराच्या ओट्यावरचा आहे. जुन्या बाजारांतून आणलेली रंग उडालेली खुर्ची किंवा माडीवर पडून राहिलेलें कपाट रंगवून, मेण चढवून पुन्हा वापरांत कसें आणावें, हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत विचारला जातो. पण त्याच्या पोटांत इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे. जुन्या वस्तूवरून आपण नवा हात फिरवितों, तेव्हां तिचें वय राखतों कीं पुसून टाकतों? खानदेशाच्या, म्हणजे आजच्या जळगांव, धुळें आणि १९९८ मध्यें धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांच्या उदाहरणावरून आपण त्याचा विचार करूं.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘खुर्ची’ हा शब्द मूळचा अरबी. तो फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. ‘टेबल’ इंग्रजांनीं आणलें. ‘अलमारी’ पोर्तुगीजांची. आणि ज्या ठिकाणीं हें सामान एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातें, त्या ‘लिलावा’चें नांवहि पोर्तुगीजच आहे. वस्तु परक्या, आणि त्या वापरून झाल्यावर विकण्याची रीतहि परकी. आपलें जुनें बैठकीचें जीवन जमिनीशीं जोडलेलें होतें. पाट, चौरंग, पेटारा, पाळणा, झोपाळा, आणि ऐपत असेल त्याच्या घरीं पलंग, एवढ्यावर संसार भागत असे. लांकूड पुष्कळ होतें, पण तें घराच्याच अंगांत होतें: खांबांत, तुळयांत, कडीपाटांत, दारांच्या चौकटींत. खानदेशांतील धाब्याच्या जुन्या घरांत शिरलें म्हणजे तें सागवान आजहि डोळ्यांत भरतें.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांच्या अंमलाखालीं गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें १८१९ मध्यें धुळें हें मुख्य ठाणें म्हणून निवडलें. त्या वेळीं गांवची वस्ती सुमारें अडीच हजारांची होती. ब्रिग्जनें दूरच्या ठिकाणांहून कारागीर आणविले, घरांसाठीं जागा बिनसाऱ्यानें दिल्या आणि बांधकामास आगाऊ रकमा दिल्या. १८२५ मध्यें जेम्स ऊट्रम यानें भिल्लांची पलटण उभी केली; तिचें ठाणें धरणगांवास होतें. कचेरी आली, छावणी आली, बंगले आले, आणि त्यांच्याबरोबर लिहिण्याचें मेज, हाताची खुर्ची व कागद ठेवण्याचें कपाट हींहि आलीं. साहेबाची बदली झाली कीं बंगल्यांतील सामान लिलावांत निघावें, ही इंग्रजी अंमलांतील सर्वत्रची चाल होती. लिलावांतून उचललेली खुर्ची वकिलाच्या ओसरीवर किंवा सावकाराच्या पेढीवर जाऊन बसली म्हणजे ती आपली होई. पुष्कळ घरांत खुर्चीचा प्रवेश झाला तो अशा रीतीनें, वापरलेली वस्तु म्हणूनच. जुन्या सामानाची आजची आवड म्हणूनच कांहीं नवी नव्हे.

पुढें आगगाडी आली. १८६० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईहून निघालेला लोहमार्ग जळगांव-भुसावळावरून पुढें गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथला कापूस अडला आणि खानदेशच्या कापसास सोन्याचा भाव आला. जळगांवची पेठ या कापसावर वाढली. चाळीसगांवहून धुळ्यास जाणारा फांटा १९०० सालीं सुरू झाला. आतां सामान बैलगाडीवर अवलंबून राहिलें नाहीं. युरोपांत व्हिएन्ना येथील थोनेट कारखान्यानें १८५९ मध्यें वाफेनें वांकविलेल्या लांकडाची एक साधी खुर्ची काढली होती. सुटे भाग करून अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटींत भरतां येत. त्या जातीच्या खुर्च्या मुंबईच्या इराण्यांच्या दुकानांत अजून दिसतात.

पण खानदेशाला लांकूड बाहेरून आणण्याची गरज नव्हती. उत्तरेस सातपुडा आणि पश्चिमेस डांग, दोहोंकडे साग. डांगच्या जंगलांचा पट्टा इंग्रज सरकारनें १८४२ मध्यें तेथल्या भिल्ल राजांकडून घेतला, तो या सागासाठींच. सागाच्या अंगांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. परक्या देशाहून आलेलें हलकें लांकूड मात्र कीड लागून भुगा होतें. जुन्या बाजारांत वस्तु पाहतांना तिच्या पुढच्या अंगावरील चकाकीकडे पाहूं नये. ती उलटी करून पायांचीं टोकें आणि पाठीमागची फळी पाहावी. खरी जात तेथें कळते.

आतां लांकडाच्या कातडीकडे वळूं. ही कातडी मुख्यतः तीन द्रव्यांची बनते, आणि तिन्हींचा खानदेशाच्या रानाशिवाराशीं संबंध आहे. पहिलें मेण. अक्राणीच्या डोंगरांतील भिल्ल व पावरा लोक रानांतून मध व मेण गोळा करीत आले आहेत. दुसरें जवसाचें तेल. हें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें आणि लांकडावर पातळ साल धरतें. उकळून लवकर सुकणारें केलेल्या या तेलाला कारागीर ‘बेलतेल’ म्हणतात. तिसरी लाख. पळस, बोर, कोशिंब या झाडांवर राहणारा एक बारीक किडा ती तयार करतो. ती शुद्ध करून चपडा बनतो, आणि चपडा स्पिरिटांत विरघळवून पॉलिश. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याहि याच लाखेच्या असत. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून जें मिरविलें गेलें, त्याचा जीव हिंदुस्थानच्या झाडांवरचा होता. आपली लाख परदेशीं गेली आणि परदेशी नांव घेऊन परत आली!

तेलरंगाची गोष्ट निराळी आहे. मेण, तेल आणि लाख लांकूड दाखवितात. रंग लांकूड झांकतो. दर दिवाळीस भिंतींबरोबर कपाटावरहि निळा, हिरवा किंवा तपकिरी हात फिरे, आणि चाळीस-पन्नास वर्षांत त्या थरांची जाड साल होई. १९९० मध्यें इंग्लंडांत ॲनी स्लोन या बाईंनीं, फार खरवडल्यावांचून बसणारा, खडूसारखा मंद दिसणारा रंग बाजारांत आणला. त्यावर मेण चढविण्याची पद्धत आतां जगभर गेली आहे. तिच्यामुळें पुष्कळ जुन्या वस्तु सरपणांत जातां जातां वांचल्या. पण चांगल्या सागावर अपारदर्शक रंग देतांना हात थोडा थांबवावा, असें मला वाटतें.

याचें कारण धुळ्यांतच सांपडतें. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं १९२७ च्या आरंभीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. वाईस मिळालेल्या कागदांवरून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला होता. घरोघरच्या पेटाऱ्यांतून कागद शोधीत हिंडणाऱ्या या पुरुषाचा सगळा भर अस्सल कागदावर असे. आपण कागद जपूं लागलों. पण ज्या पेटाऱ्यानें ते कागद शंभर वर्षें वाळवीपासून राखले, त्याकडे कोणी पाहिलें नाहीं. पेटाऱ्याच्या कडांची झीज, कुलपाभोंवतीं बोटांनीं पडलेला काळा डाग, झांकणाच्या आंतल्या बाजूस कोळशानें मांडलेला हिशेब, हींहि साधनेंच आहेत. यंत्रावर घासून पेटारा गुळगुळीत केला, कीं तो नवा दिसतो, आणि मुका होतो.

म्हणून काम करतांना एक नियम पाळावा: जें पुढच्यास उलटवितां येईल तें आधीं करावें. प्रथम ओल्या फडक्यानें धूळ काढून वस्तु नीट वाळूं द्यावी. मग आडबाजूस स्पिरिटाचा बोळा फिरवावा. साल चिकट झाली तर ती लाखेची आहे. तिला पुन्हा पॉलिशचा पातळ हात पुरतो. न हलली तर तेलाची किंवा रंगाची समजावी. जुना रंग कोरडा घासूं नये, कारण पूर्वीच्या रंगांत शिसें असे आणि त्याची धूळ मुलांच्या मेंदूस अपाय करते. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपलीकडे नसावें, असा नियम आपल्या देशांत २०१६ मध्यें झाला व २०१७ मध्यें अमलांत आला. त्याआधींच्या थरांबद्दल संशयच धरावा. घासणें अटळ असेल तर पाणी लावून, घराबाहेर व तोंड-नाक बांधून घासावें. भेगांत खडूची पूड आणि जवसाचें तेल यांची लांबी भरावी. रंग द्यावयाचाच तर तो मेणाच्या आधीं द्यावा. मेणावर रंग धरत नाहीं.

मेण घरीं करतां येतें. एक भाग मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यांत वितळवावें, विस्तवापासून दूर नेऊन तीन-चार भाग टर्पेंटाइन मिसळावें, आणि थंड झाल्यावर फडक्यानें अगदीं पातळ लावून, सुकल्यावर कोरड्या फडक्यानें चोळावें. येथें खानदेशाच्या हवेचा विचार हवा. मधमाश्यांचें मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळतें, पण वैशाखांत पारा ४५ अंशांजवळ गेला कीं तें मऊ पडून धूळ धरतें. ब्राझीलमधील ताडाच्या जातीच्या झाडाचें कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढें वितळतें. तें थोडें मिसळलें म्हणजे साल टणक राहते. लाखेचें काम पावसाळ्यांत करूं नये. दमट हवेनें पॉलिशवर पांढरें धुकें येतें. हिवाळा सर्वांत चांगला. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. उलगडून, पसरून वाळवावेत.

शेवटीं एक सूचना. पुढचें अंग हवें तसें सजवावें, पण पाठीची फळी, खणांचे आंतले भाग आणि बुडाची बाजू तशीच ठेवावी. तेथें पेन्सिलीनें सन आणि आपण काय केलें तें लिहावें. जुन्या सुतारानें आपलें नांव लिहिलें नाहीं. निदान त्यानें रंध्याच्या ज्या रेघा ठेवल्या आहेत, त्या पुसण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. घरांतील एका कपाटाची पाठ जरी आपण अशी राखली, तरी खानदेशच्या इतिहासाचें एक लहानसें पान आपल्या हातून वांचेल.